प्रश्न न विचारता दिलेली गोळी

दोन वर्षांपूर्वी माझ्या गालांवर इतके पिंपल्स होते की रविवारी मिस्साला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसायचे. नवागामातल्या आमच्या घराजवळ एक दवाखाना आहे. मम्मी मला तिथे घेऊन गेली. डॉक्टरांनी चेहरा पाहिला, "तेलकट खातेस का?" एवढंच विचारलं आणि चिठ्ठी लिहिली: आयसोट्रेटिनॉइन, २० मिलिग्रॅम, रोज एक. सगळं मिळून दोन मिनिटं. पुढच्या महिन्यांत तर चिठ्ठीचीही गरज पडली नाही. रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाले कात्रीने दहा कॅप्सूल कापून द्यायचे.

गोळी लागू पडली, हे आधी कबूल करते. ओठ फुटले, त्वचा कोरडी पडली, पण चार महिन्यांत चेहरा स्वच्छ झाला. सात-आठ कॅप्सूल उरल्या होत्या. तेवढ्यात मावसबहिणीचं, ताईचं लग्न ठरलं आणि नेमके तेव्हाच तिच्या हनुवटीवर फोड आले. उरलेली स्ट्रिप मी तिच्या हातावर ठेवली. प्रेमानेच ठेवली.

आठवड्याभराने हॉस्टेलवर मैत्रिणीशी बोलताना कळलं की तिला हेच औषध सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांनी रक्त तपासायला लावलं होतं, गर्भाची चाचणी करायला लावली होती आणि एका कागदावर सही घेतली होती. का, तर हे औषध पोटात असताना गर्भ राहिला तर बाळाचं हृदय, मेंदू, कान, चेहरा यांत गंभीर व्यंग येऊ शकतं. थोड्या दिवसांच्या डोसानेही येऊ शकतं. म्हणून गोळी थांबवल्यावर आणखी किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो.

मी रात्रीच ताईला फोन लावला. तिने सहा कॅप्सूल घेतल्या होत्या. लग्नाला बारा दिवस होते.

ती दुसऱ्या दिवशी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. मग जे सांगायचं ते तिने होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. कसं सांगितलं हे मी विचारलं नाही. सगळं सुखरूप पार पडलं. पण ते सुखरूप पार पडण्यात माझी, त्या डॉक्टरांची किंवा त्या मेडिकलवाल्यांची काहीच करामत नव्हती.

हे जगाला नवीन नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते मळमळ थांबावी म्हणून घेतलं आणि ते मागे घेईपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, हजारो बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली ती हा धोका माहीत असतानाच. तरी पुढच्याच वर्षी व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या. पुड्यावर इशारा छापून भागत नाही, हे तिथे हळूहळू कळलं. शेवटी २००६ मध्ये 'आयप्लेज' नावाची सक्तीची व्यवस्था आली. त्यात डॉक्टर, रुग्ण आणि औषध दुकान, तिघांचीही नोंदणी लागते. औषध एका वेळी ३० दिवसांपुरतंच मिळतं. जिला गर्भ राहू शकतो तिची दर महिन्याला चाचणी होते, आणि डॉक्टरने समजावून सांगितल्याची नोंद केल्याशिवाय दुकानदार गोळी देऊ शकत नाही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आयप्लेजमध्ये नाव नोंदवायला डॉक्टरला वेगळी पदवी लागत नाही, वेगळी परीक्षा नसते. त्याने लिहून द्यायचं असतं की मला हा धोका माहीत आहे, तो रुग्णाला कसा सांगायचा हे माहीत आहे, आणि मी तो दर महिन्याला सांगेन. म्हणजे पात्रता एकदा मिळवून भिंतीवर टांगायची नसते. ती दर महिन्याला नव्याने सिद्ध करायची असते.

आपल्याकडे वाद वेगळ्याच जागी अडकलाय. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट उघडली. २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीचा प्रश्न पेटला आणि सप्टेंबरात राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी संप केला. संपाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जी पद्धत शिकलात नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं म्हटलं होतं. तो खटला मुंबईतलाच. त्वचारोगाच्या एमडीला एमबीबीएसनंतर तीन वर्षं लागतात, ती उगाच नाहीत. पण मला दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या पाटीवर पदवी होती, आणि ती खरी होती. मला कमी पडली ती पदवी नव्हे. कमी पडला तो प्रश्न.

तो प्रश्न का विचारला जात नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मम्मी शेजारी बसलेली असते. एकोणीस वर्षांच्या, चर्चला जाणाऱ्या मुलीला "गर्भ राहण्याची शक्यता आहे का?" कसं विचारायचं? मलाही राग आला असता, हे खोटं कशाला बोलू. पण आमच्याकडे लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर विचारतात की या लग्नाला कुणाची काही हरकत आहे का. त्यात वधूवरांवर कुणी संशय घेतला असं कुणालाच वाटत नाही. सगळ्यांना विचारतात, म्हणून कुणाचा अपमान होत नाही. औषधाचा प्रश्नही तसाच हवा: आईला दोन मिनिटं बाहेर बसवून, प्रत्येकीला, तिच्याकडे न पाहता तिचं चारित्र्य ठरवता.

यावर पप्पांचा आक्षेप असा की इतके नियम केले तर नवागामातल्या मुलींना औषध मिळणारच नाही. त्यांचं म्हणणं चूक नाही. आमच्याकडे घरोघरी साड्यांना लेस-टिकल्या लावून बायका दिवस भरतात. त्यांना मजुरी बुडवून सिव्हिल नाहीतर स्मीमेरच्या रांगेत उभं राहणं महागात पडतं. आयप्लेजचीही संगणक यंत्रणा २०२१ च्या डिसेंबरात बदलली तेव्हा असंख्य रुग्णांची औषधं अडकली होती. आणि इतकं करूनही तिथे अशा गर्भधारणा शून्यावर आल्या नाहीतच. तशी अवाढव्य यंत्रणा मी मागत नाही. मी मागते ते एका पानात मावतं: मराठी, गुजराती, हिंदीत छापलेला संमतीचा कागद, त्यावर डॉक्टरची आणि रुग्णाची सही, आणि तो पाहिल्याशिवाय दुकानात गोळी नाही. एवढ्याने कुणाची मजुरी बुडणार नाही.

तोवर आपण तरी काही करू शकतो. कापलेली स्ट्रिप घेऊ नका, पुडा मागा, कारण इशारा कात्रीत अर्धा जातो. हे औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करू नका. हे मुलांनाही लागू आहे, कारण ते रक्त कुणा गरोदर बाईला चढू शकतं. आणि उरलेली गोळी कुणाला देऊ नका, कितीही जवळची असली तरी.

मी साहित्याची विद्यार्थिनी. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर मी दोन पानं लिहिते. त्या स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर मात्र मी चार महिन्यांत एकदाही वाचला नव्हता.