ऑपरेशन यशस्वी झालं. पुढचं कोण बघणार?

अण्णांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत झालं. सरकारी योजनेत बसलं, सर्जननी जीव ओतून केलं. त्याबद्दल कृतज्ञच आहे. बोलायचंय ते डिस्चार्जनंतरचं.

या ऑपरेशनमध्ये अन्ननलिका काढून जठराचीच नळी करतात आणि ती वर ओढून जोडतात. छातीला जखम, त्यामुळे खोल श्वास घेतला की दुखतं. पेशंट खोकणं टाळतो, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. म्हणून तीन चेंडूंचं ते यंत्र देतात. त्यात श्वास आत ओढायचा असतो. अण्णा घरी आठ दिवस फुंकत होते! वॉर्डात घाईघाईत एकदा दाखवलं होतं म्हणे. ताप भरला तेव्हा आम्हाला कळलं.

मग आत्याने प्रेमाने वाटीभर शिरा भरवला. दोन तासांनी अण्णा घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टरने शुगर बघितली : ४८. जठराची नळी झाली की गोड झपाट्याने आतड्यात उतरतं, साखर चढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर कोसळते. उपाय साधा : गोड टाळा, दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं खा, जेवताना पाणी पिऊ नका. हे सगळं कार्डावर इंग्रजीत एका ओळीत होतं. मी पुण्यात, घरी आई आणि आत्या. वाचणार कोण?

चूक आत्याची नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भरवणं हीच माया.

योजना ऑपरेशनचा लाखांचा खर्च उचलते, पण घरच्या पहिल्या महिन्याला वाली नाही. ‘एवढा स्टाफ कुठून आणायचा?’ असं विचारतील. अहो, न्यूमोनिया होऊन पेशंट परत आयसीयूत गेला तर तो खर्च कोणाचा?

माझ्या मागण्या तीनच. डिस्चार्ज कार्ड मराठीत द्या. घरच्यांनी यंत्र आणि आहार समजून घेऊन परत सांगितल्याशिवाय घरी सोडू नका. जिल्हा रुग्णालयात अशा पेशंटसाठी आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ ठेवा.

अण्णा आता सावरलेत. डोकं उंच ठेवून झोपतात, अर्धी भाकरी खातात, दोन तासांनी पुन्हा थोडं काहीतरी. पण सिस्टरने त्या दिवशी शुगर बघितली नसती तर? उपचार असे नशिबावर सोडायचे नसतात.

घरात असा पेशंट असेल त्यांच्यापर्यंत हे पोचवा.