नेम चुकलेला टोमणा

गेल्या आठवड्यात कचेरीतून घरी आलो, तर पुतण्या आरशासमोर हातवारे करीत कुणाला तरी तावातावाने सुनावत होता. विचारले, तेव्हा कळले की रविवारी त्याचा रॅपचा सामना आहे. समोरासमोर उभे राहायचे, यमके जुळवीत एकमेकांना नामोहरम करायचे आणि पंचांनी निकाल द्यायचा. "ऐकव," आम्ही म्हटले. पहिल्या आठ ओळींत दोन विनोद प्रतिस्पर्ध्याच्या काळ्या रंगावर आणि एक त्याच्या आईवर! वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याची आई कशाला मध्ये घेतलीस रे?" तो म्हणाला, "आई, कारागिरीला कोण विचारतो? लोक हसले की जिंकलो."

वाचकहो, हा वाद आमच्या घरचा नाही. तो या कलेच्या माहेरचाच आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत 'डझन्स' नावाचा टोमण्यांचा खेळ फार जुना आहे. जॉन डोलार्ड या अभ्यासकाने १९३९ साली त्यावर लेख लिहिला होता. त्यात एकमेकांच्या आईवरूनही बोलायचे आणि जो आधी चिडेल तो हरला. पण दोघेही एकाच गल्लीतले, एकच दुःख सोसणारे. सहन करायला शिकण्याचीच ती एक शाळा होती.

रॅप न्यूयॉर्कच्या वस्त्यांत वाढला, तेव्हा हा खेळ त्यात आला. डिसेंबर १९८१ मध्ये 'हार्लेम वर्ल्ड' या क्लबात बिझी बी आणि कूल मो डी यांची गाठ पडली. बिझी बी गर्दीचा लाडका. लोकांना हसवणे आणि त्यांच्याकडून आरोळ्या वदवून घेणे हा त्याचा हातखंडा. मो डी त्याच्यानंतर मंचावर आला आणि त्याने ताल न सोडता यमकांवर यमके रचली. नेम कशावर? बिझी बीच्या कलेवर! त्याच त्या युक्त्या आणि 'स्टार्स्की' हे दुसऱ्या कलावंताकडून उचललेले नाव. लोक तेव्हाही हसलेच. पण ते विनोद दुसऱ्या कुणाला लागू पडले नसते. त्या रात्रीची ध्वनिफीत हातोहात फिरली आणि शब्दांच्या कारागिरीचा मान वाढला.

पुतण्याने २००२ च्या 'एट माईल' चित्रपटाचा दाखला दिला. आम्ही तो त्याच्यासोबत पाहिला. शेवटच्या सामन्यात नायक स्वतःची गरिबी आधी स्वतःच सांगून टाकतो आणि मग गल्लीतला दादा म्हणून मिरवणारा प्रतिस्पर्धी खासगी शाळेत शिकलेला आहे, हे उघड करतो. तेथेही विनोद आहे, पण माहिती काढून, नेम धरून केलेला.

अलीकडे पुष्कळ सामने संगीताविना होतात. ताल चालू असला की हशासाठी थांबता येत नाही. ताल नसला की थांबता येते. त्यामुळे विनोदाचा भाव वधारला. त्याला आमची हरकत नाही. नेमक्या क्षणी हसवणे ही कारागिरीच आहे. आमच्या लहानपणी जयंतीला कव्वालीचे सामने होत. शिट्ट्या टोमण्यांना मिळत, पण दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा चाले ती बिनतोड जवाबाची.

आम्ही पुतण्याला एवढेच म्हटले, "जो टोमणा कुणालाही लागू पडतो, त्यासाठी तुझी गरज काय? काळा रंग, झोपडी, आईची धुणीभांडी यांवरून आपल्याला हसणारे लोक आधीच पुष्कळ आहेत. त्यांना यमके तू का पुरवावीस?"

तो रुसला. पण रात्री त्या तिन्ही ओळी खोडल्या आणि समोरचा मुलगा प्रत्येक सामन्यात जुनीच कडवी वापरतो, यावर चार ओळी लिहिल्या.

रविवारी पुतण्या हरला. समोरच्याने त्याच्याच रंगावर विनोद केला आणि सभागृह हसले. घरी आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग वहिनींना म्हणाला, "आई, सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणाला, ती जुन्या कडव्यांची ओळ पुन्हा म्हण."

वहिनींनी विचारले, "मग म्हटलीस?"

"दोनदा," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

हशा सभागृहात राहिला होता. लागलेली ओळ मात्र तो मुलगा बरोबर घेऊन गेला. घरोघरच्या पोरांनी कागद हातात घेताना एवढे ध्यानात ठेवावे.