‘अलाउ’ म्हणजे नवा अंगठा!



मेडशीसारख्या गावात आज पोरगं शिष्यवृत्तीचा फॉर्म मोबाइलवर भरतं, बाप पीक विम्याची माहिती मोबाइलवर टाकतो. ॲप उघडलं की आधी एक चौकट येते. ती इंग्रजीत असते, नाहीतर अशा मराठीत: ‘उत्तम अनुभवासाठी आपल्या संपर्कांना प्रवेश द्या.’ कशासाठी? किती दिवस? काहीच कळत नाही. काम अडू नये म्हणून आपण ‘अलाउ’ दाबतो.

आपल्या आज्या-पणज्याने सावकाराच्या कागदावर असाच अंगठा दिला होता. मजकूर कोणी वाचून दाखवला नाही. जमीन गेली तेव्हा उत्तर मिळालं, ‘अंगठा तुमचाच आहे ना?’ आज नातू पदवीधर आहे, पण न समजता होकार देणं सुटलेलं नाही.

काही जण म्हणतात, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ आहे. आपली जात आहे. शहरात खोली मागताना आडनाव का विचारतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जातीचा दाखला आपण हक्कासाठी देतो. तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तर भेदभावासाठीही वापरला जाईल. २०१९ च्या विधेयकात जात-जमात ही ‘संवेदनशील’ माहिती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो वर्गच उरला नाही. यावर आपल्यातून किती आवाज उठला?

तरीही या कायद्यात आपल्या कामाचं बरंच आहे. संमतीची विनंती स्पष्ट, सोप्या भाषेत हवी. ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपला कॉन्टॅक्ट लिस्टची गरज नाही, त्यामुळे तुम्ही ‘हो’ म्हटलं तरी ती संमती गरजेपुरतीच धरली जाईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही कलमं लागू करायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट आणि कॉल लॉग घेऊ नयेत, असं तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे.

मग ॲपने कसं विचारावं? असं: ‘तुमचा जातीचा दाखला आम्ही फक्त शिष्यवृत्तीच्या पडताळणीसाठी घेत आहोत. दुसऱ्या कोणाला देणार नाही. काम संपल्यावर काढून टाकू. हरकत असेल तर इथे दाबा.’ चार साधी वाक्यं. कंपन्यांना जाहिरातीचं मराठी जमतं, मग हे का जमू नये?

सरकारी योजनांसाठी कायद्याने सरकारला बऱ्याच ठिकाणी संमतीतूनच सूट दिली आहे. म्हणून तिथे प्रश्न विचारणं जास्त गरजेचं आहे.

तरुणांनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाली की मोबाइल काढून बसा. कोणत्या ॲपला काय दिलंय ते सेटिंगमध्ये पाहा, नको ते बंद करा, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. बाबासाहेबांनी ‘शिका’ सांगितलं, ते सही करण्याआधी कागद वाचता यावा म्हणूनही.