रखवालदार गेला, बिल्ला कुठे?

सातपूर आणि अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत पाळी बदलते, तेव्हा फाटकावरचा रखवालदार आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराचा बिल्ला पाहतो. त्याच्या स्वतःच्या बिल्ल्याचा हिशेब कोण ठेवतो, असे विचारले तर कारखानदार बहुधा कंत्राटदाराकडे बोट दाखवील.

याबाबत कायदा मुका नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याने प्रत्येक रक्षकाला छायाचित्रासह ओळखपत्र देण्याचे बंधन एजन्सीवर घातले. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार त्यावर रक्षकाचे नाव, क्रमांक, हुद्दा आणि मुदत हवी. नोकरी संपताच रक्षकाने ते परत करावे, हरवल्यास एजन्सीला ताबडतोब कळवावे. परंतु हा सारा व्यवहार रक्षक आणि एजन्सी या दोघांतला. ज्या फाटकाचे रक्षण व्हायचे, त्या फाटकाला काल सोडून गेलेल्या माणसाची वार्ता कोणी द्यावी?

कंत्राट बदलते, एजन्सी जाते, दुसरी येते. जुने रक्षक कुणी गावी परततात, कुणी शेजारच्या कारखान्यात उभे राहतात. विजेवर चालणारे प्रवेशपत्र यंत्रातून बंद करता येते. गणवेश, छापील ओळखपत्र आणि किल्ल्यांचा जुडगा यांना तशी सोय नाही. आपल्याकडे गणवेशाला सलाम करण्याची सवय मोठी, आणि कागदावर विश्वास त्याहून मोठा. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत उतरलेल्या हल्लेखोरांजवळही बनावट ओळखपत्रे होती. नाशिकला तर २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. अशा पर्वात तात्पुरते रक्षक घाईने नेमले जातात आणि पर्व संपताच तितक्याच घाईने पांगतात.

या ढिलाईवर एजन्सींनी शोधलेला उपाय म्हणजे रक्षकाचा शेवटचा पगार अडकवून ठेवणे. बिल्ला, शिट्टी, विजेरी पर्यवेक्षकाच्या हाती दिली, पण पावती मिळाली नाही. मग ‘जमा नाही’ असे म्हटले की गरिबाने दाद कोठे मागावी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते झाले पाहिजे, आणि सोपविलेली वस्तू हरवल्याबद्दल कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते ऐकताना कामगाराच्या हाती कागदाचा एक चिटोरा तरी हवा.

शाळेचा मुख्याध्यापक बदलला की कपाटांच्या किल्ल्यांपासून शिक्क्यापर्यंत यादी होते. देणारा आणि घेणारा दोघेही सही करतात. कचेरीतला साधा कारकूनसुद्धा ‘चार्ज’ दिल्यावाचून हलत नाही. लाखोंच्या मालावर पहारा देणाऱ्याचीच तेवढी यादी नसावी, हे नवल होय. फाटकावर एक नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक बिल्ला, किल्ली व प्रवेशपत्र क्रमांकाने लिहावे. रक्षक जाईल त्या दिवशी कारखान्याचा अधिकारी, एजन्सीचा माणूस आणि तो स्वतः, अशा तिघांच्या सह्या व्हाव्यात, एक प्रत त्याच्या हाती पडावी, आणि परत न आलेल्या क्रमांकांची यादी त्याच रात्रीच्या पाळीला मिळावी. कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी कारखान्याने ही वही मागवली, तर ती आठवडाभरात नीट लिहिली जाऊ लागेल.