जिवंतपणा मोजता येतो, मुलांना मोजू द्या!



विज्ञान प्रदर्शनात बटाट्यावर चालणारा दिवा हमखास असतो. "वीज कुठून आली?" असं विचारलं की मूल म्हणतं, "बटाट्यातून." परीक्षकही मान डोलावून पुढे जातात. खरं तर ती वीज जस्त आणि तांबे या दोन धातूंमधल्या रासायनिक क्रियेची असते. उकडलेला बटाटा लावला तरी चालतो! म्हणजे बटाट्याच्या जिवंतपणाचा इथे काहीच संबंध नाही.

सजीवाची वीज दाखवायची असेल तर यीस्ट घ्यावं. १९११ साली इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि ग्लुकोज वापरून प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमध्ये सुमारे ०.३ ते ०.५ व्होल्ट विभवांतर मोजलं. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे, त्यामुळे श्रेय धातूला देता येत नाही.

यीस्ट साखरेचं विघटन करतं तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात, पण ते पेशीच्या आतच फिरतात. मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य पेशीत शिरून ते घेतं, स्वतः रंगहीन होतं आणि बाहेर येऊन इलेक्ट्रोडला देतं. चयापचय जोरात, तर प्रवाह जास्त.

मल्टीमीटर, कार्बनच्या कांड्या, क्षारसेतू हे सगळं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तरी अडत नाही. गालाच्या पेशी रंगवायला आणलेलं मिथिलीन ब्लू शाळेत असतंच. दोन परीक्षानळ्यांत कोमट पाणी, ग्लुकोज आणि या रंगाचे दोन-तीन थेंब घ्या. एकीत जिवंत यीस्ट, दुसरीत उकळून गार केलेलं. पहिलीतला निळा रंग किती मिनिटांत जातो, ते मुलांना घड्याळ लावून लिहू द्या. नळी जोरात हलवली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे निळा रंग परत येतो. तो का, हेही त्यांनाच शोधू द्या.

"अभ्यासक्रम संपत नाही, वेळ कुठून आणायचा?" ही अडचण खरी आहे. पण माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत मोठा धडा त्या उकळलेल्या यीस्टच्या नळीत आहे. ती नसेल तर रंग यीस्टमुळे गेला की आणखी कशामुळे, हे सांगताच येत नाही. तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय एका तासिकेत रुजायला लागत असेल, तर ती तासिका वाया गेली असं कोण म्हणेल?