भिडेची देणगी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्या दोन-तीन महिने आधीपासून माझ्या ओळखीतले धडधाकट, कमावते, स्वतःच्या मोटारीतून फिरणारे लोक झोळी पसरून उभे राहतात. "मी अमुक संस्थेसाठी धावतोय. फूल ना फुलाची पाकळी." खाली लिंक. चार दिवसांनी आठवण. तरीही गप्प राहिलात तर अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर थेट नाव घेऊन हाक: "काका, तुमचीच वाट बघतोय हं!"

मॅरेथॉनशी माझं भांडण नाही. २००४ पासून ती चालू आहे, तिच्या निमित्ताने संस्थांकडे दरवर्षी कोट्यवधी रुपये जातात. ज्या छोट्या संस्थांना मोठे दाते दारात उभं करत नाहीत, त्यांचा वर्षाचा गाडा त्यावर चालत असेल तर आनंदच आहे. माझं भांडण मागणाऱ्यांशी आहे.

त्यांचा संदेश एकदा नीट वाचा. मी पहाटे पाचला उठतो. माझा गुडघा दुखतो, तरी मी थांबत नाही. माझं स्वप्न, माझी जिद्द, माझा नवा बूट घातलेला फोटो. संस्थेच्या वाट्याला शेवटची एक ओळ, तीही तिच्या पत्रकातून उचललेली. एका शाळेसाठी धावणाऱ्या पुतण्याला विचारलं, "अरे, ही शाळा नक्की आहे कुठे? मुलं किती? शिक्षकांचे पगार कोण देतं?" तर म्हणतो, "काका, लिंकवर असेल ना सगळं." म्हणजे ज्या कामासाठी हा गुडघा झिजवतोय, ते काम याने पाहिलेलंसुद्धा नाही.

आणि धावतो तरी किती? ४२.१९५ किलोमीटर पुरे करणाऱ्यांना माझा दंडवत. पण आमच्या घरातले वीर बहुतेक ड्रीम रनचे. साधारण सहा किलोमीटर, तेही निम्मे सेल्फी काढत. पावसाळ्यात लोकल बंद पडली की एवढं अंतर चाकरमानी रुळांवरून निमूट चालतो, आणि घरी पोचल्यावर कुणाकडे वर्गणी मागत नाही. ज्यांना लांबची शर्यत धावायची असते आणि नेहमीच्या नोंदणीत जागा मिळत नाही, त्यातले काही संस्थेमार्फत शिरतात. त्यासाठी ठरलेली किमान रक्कम उभी करावी लागते. आता हिशेब पाहा. धावायची हौस त्याची, जागा त्याला हवी, पैसे माझे, आणि वर समाजकार्याचं श्रेय त्याच्या भिंतीवर फ्रेम करून.

मागणारा मात्र समजतो की लोकांना त्याच्या कामाचं महत्त्व पटलं. कुणाला काही पटलेलं नसतं. देणाऱ्याने संस्थेचं नावसुद्धा वाचलेलं नसतं. देणगीदारांची यादी आकड्यांसकट सगळ्यांसमोर असते, ती लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी वाचली जाते. साडूने पाच हजार लिहिले की दीड हजारावर थांबायची सोय उरत नाही. निनावी द्यावं तर पुढच्या कार्यात कुजबुज, "यांचं नाव कुठे दिसलं नाही ते?" एक मामा तर दरवेळी आधी विचारतात, "८०जी मिळेल ना?" मामांनी कर भरायला नवी पद्धत निवडली आहे, तिथे देणगीवरची ८०जीची वजावट मिळतच नाही. पण पावती ते जपून ठेवतात.

सगळ्यात किळसवाणा प्रकार कचेरीतला. साहेब स्वतःची लिंक हाताखालच्या तीस जणांना पाठवतात, "नो प्रेशर" असं आवर्जून लिहून. जानेवारीत शर्यत, मार्च-एप्रिलमध्ये पगारवाढीचे कागद. कोण नाही म्हणेल? कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ते कंपनीचं झालं. इथे साहेबांचं पुण्य कारकुनाच्या खिशातून निघतं आणि टाळ्या साहेबांना मिळतात. याला देणगी म्हणायची माझी तयारी नाही.

भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. आता ती भिकेची मुकादम झाली आहे, कारण कुणाला किती मिळणार हे गरज ठरवत नाही, फोनमधले नंबर ठरवतात. बँकेतल्या बड्या अधिकाऱ्याने हाती घेतलेल्या संस्थेला आठवड्यात लाखो. तेवढंच चांगलं काम करणाऱ्या, पण ओळखीपाळखी नसलेल्या संस्थेला उपदेश. आजारपणात तर हे उघडंनागडं दिसतं. रिक्षावाल्याच्या मुलाचं ऑपरेशन असेल तर त्याच्या फोनमध्ये दुसरे रिक्षावालेच असतात. ते शंभर-दोनशे देतात, आणि तेवढ्यासाठी त्यांची दिवसाची कमाई मोडते. वर देणग्या गोळा करणाऱ्या काही संकेतस्थळांवर देणगीच्या खाली 'टिप'चा आकडा आधीच भरून ठेवलेला, तो खोडायचं आपण लक्षात ठेवायचं.

आणि महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना २००६ पासून लागू आहे. ही माहिती ग्रुपवर किती जणांनी पुढे पाठवली? धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायला त्या रिक्षावाल्यासोबत किती जण गेले? त्यात फोटो नाही, पदक नाही, केळं आणि टी-शर्टही नाही.

लगेच कुणीतरी महर्षी कर्व्यांचं आणि कर्मवीर भाऊरावांचं नाव काढेल. त्यांनीही मागितलंच की! मागितलं. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकायला काढले, मंगळसूत्रसुद्धा. लोकांपुढे हात पसरला, तसं स्वतःचं घरही रिकामं केलं. कर्वे हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी दारोदार फिरले ते आश्रमाबद्दल बोलत, स्वतःच्या पायपिटीबद्दल नव्हे. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाने तर माणशी वर्षाला एक पैसा मागितला, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशात साडूची बरोबरी करायची वेळ येत नाही.

तेव्हा माझ्याकडे मागायचं असेल तर खुशाल मागा, फक्त एकट्याकडे, फोन करून. तुम्ही स्वतः किती घातलेत तो आकडा आधी सांगा. संस्थेत निदान एकदा जाऊन या आणि तिथे काय खटकलं तेही सांगा. गेल्या वर्षीचा हिशेब पाठवा. मी नाही म्हटलं तर कारण विचारू नका. साहेब लोकांना मात्र यातली कुठलीच अट लागू नाही. त्यांनी हाताखालच्यांकडे मागायचंच नाही.