कबरस्तानाची कॉपी निघत नाही

परवा शुक्रवारी रिलीज होता. 'दहापर्यंत संपेल' म्हणून सुरू होतो आणि पहाटे तीनला संपतो, तोच तो. बिल्ड चालू होतं, करायला काहीच नव्हतं, म्हणून शेजारच्या क्युबिकलमधला केरळचा मित्र आणि मी मशीनचा तो भयाण चहा घेऊन बसलो होतो. बोलता बोलता तो एकदम म्हणाला, "2019 मध्ये आमची आजी गेली, तेव्हा कबरस्तानाच्या फाटकावर पोलीस उभे होते."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पोलीस कशाला?

तर झालं होतं असं. आजीचा बाप्तिस्मा, लग्न सगळं त्याच चर्चमध्ये. आजोबांची कबर तिथेच. पण चर्च कुणाच्या ताब्यात, यावरून वरच्या मंडळींचं भांडण. कोर्टाचा निकाल दुसऱ्या गटाच्या बाजूने गेलेला. त्यामुळे यांच्या पाळकांना आत यायला मनाई, आणि त्यांच्या पाळकांच्या हातून प्रार्थना घ्यायला घरचे तयार नाहीत. आजी तीन दिवस शवागारात. शेवटी संध्याकाळी उशिरा, घरचे मोजके लोक आत गेले आणि मातीचं काम उरकून आले. पाळक फाटकाबाहेर, रस्त्यावरून प्रार्थना म्हणत होते.

"आजीला त्या भांडणातलं काही कळत पण नव्हतं रे," तो म्हणाला. तेवढ्यात बिल्ड फेल झालं आणि विषय तिथेच राहिला.

पण डोक्यातून जाईना. एक तर मी स्वतः नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातला, त्यामुळे मंडळीतली भांडणं काय असतात हे लहानपणापासून बघितलंय. म्हणून शनिवारी बसून या मलंकारा चर्चच्या वादाचं जमेल तेवढं वाचून काढलं. वाचताना वाटत राहिलं की हा धर्माचा प्रश्न कमी आणि डिझाइनचा जास्त आहे.

थोडक्यात सांगतो. केरळातली ही फार जुनी सिरियन परंपरेची मंडळी. तिच्यावर अधिकार कुणाचा? अँटिओकच्या पॅट्रिआर्कचा, की इथल्या बिशपांचा? 1911 साली पॅट्रिआर्कनी इथल्या प्रमुख बिशपांना बहिष्कृत केलं, 1912 साली इथल्या गटाने स्वतःचं कॅथोलिकोस पद उभं केलं आणि मंडळी दुभंगली. त्यात 1808 साली ईस्ट इंडिया कंपनीकडे ठेवलेली 3000 पॅगोडांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, एक ठेव होती. तिचं व्याज नेमकं कोणाला द्यायचं हे सरकारलाच कळेना, म्हणून 1913 साली सरकारच कोर्टात गेलं!

तिथून जे सुरू झालं ते संपलेलं नाही. 1934 साली एका गटाने मंडळीची घटना लिहिली. 1958 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. आणि इथे खरी गंमत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही बाजूंनी चक्क समेट केला. पॅट्रिआर्कनी कॅथोलिकोसना मान्यता दिली, कॅथोलिकोसनी पॅट्रिआर्कना. 1964 साली तर पॅट्रिआर्क स्वतः केरळात आले आणि नव्या कॅथोलिकोसना त्यांनी दीक्षा दिली. सगळं छान.

मग परत का फुटलं?

माझ्या मते, कारण समेट झाला पण इंटरफेस लिहिला गेला नाही. कॅथोलिकोसच्या पत्रात मान्यता होती ती 'घटनेच्या अधीन राहून'. आता या तीन शब्दांचा अर्थ काय? कुणाचा अधिकार कुठे संपतो? दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ मनात ठेवला आणि हात मिळवले. आपण नाही का, क्लायंट म्हणतो 'सिस्टीम फास्ट पाहिजे' आणि आपण मान डोलावतो, तसं. 1970 पर्यंत पत्रापत्री कडू झाली, 1975 पर्यंत दोन वेगळे कॅथोलिकोस झाले. मग 1995 चा निकाल, मग 2017 चा निकाल. 2017 मध्ये कोर्टाने सांगितलं की सगळ्या स्थानिक चर्चना 1934 चीच घटना लागू. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. आणि त्यानंतरच माझ्या मित्राच्या आजीचं मयत तीन दिवस थांबलं.

यात कोर्टाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. निकाल जिंकलेला गट म्हणतो, आम्ही इतकी वर्षं कायद्याने लढलो, आता निकाल पाळायचा नाही तर काय करायचं? यात चूक काय आहे? काहीच नाही. पण कोर्ट फक्त चावी कुणाची ते सांगू शकतं. उद्या सकाळी एकाच बाकावर कसं बसायचं, हे कोर्ट सांगत नाही. तो त्यांचा जॉबच नाही.

आता आमच्या धंद्यातलं एक उदाहरण. ओपन सोर्समध्ये दोन मुख्य डेव्हलपरचं पटलं नाही की फोर्क होतो. एक जण सगळा कोड कॉपी करतो, नवीन नाव देतो आणि निघून जातो. थोडे दिवस मेलवर शिव्याशाप होतात, मग ज्याला जे आवडतं ते तो वापरतो. फोर्क परवडतो, कारण कोडची कॉपी फुकट निघते.

बायबलमध्येही असा एक फोर्क आहे. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. योहान मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचं वाजतं. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला जातो, पौल सिलाला घेऊन सिरिया आणि किलिकियाकडे. एकाच्या जागी दोन टीम झाल्या, बस्. पुढे तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्कला 'घेऊन ये, तो कामाचा आहे' अशा अर्थाचा निरोप आहे. म्हणजे फाटलेलं परत शिवलं गेलं. का जमलं? माणसं मोठी होती हे आहेच. पण त्यांच्याकडे वाटून घ्यायला ना इमारत होती, ना ठेव, ना कबरस्तान.

आजोबांच्या कबरीची कॉपी निघत नाही. म्हणून चर्चच्या पुढाऱ्यांचं भांडण 'न पटलं तर वेगळे होऊ' या न्यायाने सुटत नाही. त्याची सोय आधी करावी लागते.

'आधी' हा शब्द महत्त्वाचा. आमच्याच घरातलं सांगतो. माझे आजोबा आमच्या गावच्या मंडळीच्या पंचकमिटीत खजिनदार होते. चर्चच्या पत्र्यांच्या खर्चावरून त्यांचं आणि तेव्हाच्या पाळकसाहेबांचं वाजलं. दोघेही प्रामाणिक, दोघेही हट्टी. हिशेब तपासायला तिसरा माणूस कोण, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. मग जो तो आपल्या बाजूची माणसं गोळा करायला लागला. आजोबा सहा वर्षं चर्चला गेले नाहीत. रविवारी आजी एकटी जायची, आणि आजोबा ओट्यावर बायबल उघडून बसायचे. आज विचारलं तर ती रक्कम कुणालाच आठवत नाही. कोण कोणाच्या लग्नाला गेलं नव्हतं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

घरात कुणी म्हटलंच की हे सगळं नीट लिहून ठेवायला पाहिजे होतं, तर एक उत्तर ठरलेलं: "आपण देवाची माणसं, आपल्याला कागद कशाला? विश्वास पाहिजे." मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या मंडळीतसुद्धा विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली होती. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या विधवांना डावललं जातं. तेव्हा प्रेषितांनी 'विश्वास ठेवा' म्हणून बोळवण केली नाही. सात माणसं नेमायला सांगितली, निवड लोकांवर सोपवली आणि वाटप आपल्या हातातून काढून दिलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्यातलेच लोक त्या कामावर आले. इतकी साधी, इतकी धाडसी गोष्ट आपल्याला दोन हजार वर्षांनी जमू नये?

तर माझे दोन पैसे. एक, पैशाचा हिशेब पुढाऱ्याच्या हातात नको, आणि तो तपासणारा बाहेरचा माणूस भांडण नसतानाच ठरलेला हवा. दोन, समेट करताना शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर लिहा. उदाहरणं देऊन लिहा. 'असं झालं तर निर्णय कोण घेणार?' असे दहा प्रसंग लिहा. लाज वाटते, पण त्याच वेळी विचारायचं असतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बाप्तिस्मा, लग्न आणि माती या गोष्टी भांडणाच्या बाहेर ठेवा. वर काहीही होवो, यांना कुणी हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट केरळात शेवटी सरकारला करावी लागली. 2020 साली तिथे खास या दोन गटांसाठी दफनाच्या हक्काचा कायदा झाला. माणसाला त्याच्या घराण्याच्या कबरस्तानात पुरता यावं, आणि घरच्यांना हवं असेल तर प्रार्थना दुसरीकडे, आपल्या पसंतीच्या पाळकांकडून करून घेता यावी. अधिकार कुणाचा हा प्रश्न तसाच राहिला, पण निदान मयत त्यातून बाजूला काढलं. मला हा कायदा चांगला वाटतो, आणि तो करावा लागला याची लाजही वाटते. ही गोष्ट दोन बिशपांना एका टेबलावर बसून एका दुपारी ठरवता आली असती.

भांडणं होणारच. जिथे माणसं मनापासून काम करतात तिथे तर जास्तच होतात. ती होऊच नयेत म्हणून प्रार्थना करणं मी केव्हाच सोडलंय. ती झाली तर आजीला त्याचा त्रास होऊ नये, एवढी व्यवस्था आपल्या हातात आहे.

असो. फार लांबलं. सोमवारी त्या मित्राला विचारलं, आजीच्या कबरीवर जातोस का? म्हणाला, जातो, ख्रिसमसला घरी गेलो की. फाटक आता उघडं असतं.